लाल शाईची पट्टी

खोली नंबर तीनमधली औषधं गेली, हे सोमवारी सकाळी साडेसातला कळलं. कामगाराने दार उघडलं आणि रोज तोंडावर येणारी गार हवा आली नाही. आतल्या भिंतीवरचा आकडा एकोणीस होता. तो दोन आणि आठच्या मध्ये असायला हवा. खोक्यांमध्ये इन्सुलिन होतं आणि डोळ्यांत घालायचे थेंब होते. दुपारपर्यंत औषध कंपनीचा माणूस येऊन बघून गेला आणि सगळा माल नष्ट करायचा, असं सांगून गेला.

गोदाम कामणला, भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. त्यात पाच थंड खोल्या. त्यातल्या तीन नंबरचा कॉम्प्रेसर रविवारी सकाळीच बंद पडला होता. कॉम्प्रेसर बंद पडणं काही नवीन नाही. तो पडणार, हे धरूनच प्रत्येक खोलीत तापमान मोजणारं यंत्र बसवलेलं आहे. आकडा आठच्या वर गेला की ते चार जणांच्या फोनवर निरोप पाठवतं. रविवारी चौघांपैकी एकाच्याही फोनवर निरोप आला नाही.

त्या चौघांतला एक नरहरी राऊत. गोदामातले कॉम्प्युटर, कॅमेरे आणि ते सगळं एकमेकांना जोडणारं जाळं हे एकोणीस वर्षं त्याच्याकडे होतं. वय चोपन्न. त्याची बायको सुनंदा जाऊन अकरा आठवडे झाले होते, म्हणून लोक त्याच्याशी अजून हळू आवाजात बोलायचे. सोमवारीही कुणी त्याला काही बोललं नाही. मॅनेजर हर्षवर्धन त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्याने एवढंच विचारलं की काका, निरोप का आला नाही हे बघता येईल का. नरहरी म्हणाला, बघतो.

बुधवारी ठाण्याहून एक इंजिनीअर आला. त्याने रॅक, म्हणजे सगळ्या केबलींचं लोखंडी कपाट, उघडलं, स्विचला आपला लॅपटॉप जोडला आणि पंधरा मिनिटांत काय ते शोधून काढलं.

गोदामातल्या सगळ्या केबली ज्या पेटीत येऊन मिळतात ती पेटी म्हणजे स्विच. त्याला चोवीस तोंडं, म्हणजे पोर्ट. तीन नंबरच्या खोलीतून एकच केबल येते. खोलीतले कॅमेरे आणि ते तापमानाचं यंत्र तिथल्या एका छोट्या डबीत जोडलेले आहेत, आणि डबीची केबल स्विचच्या सतराव्या पोर्टात. आता केबलीच्या दोन टोकांना आपसात ठरवावं लागतं की किती वेगाने बोलायचं, आणि दोघांनी एकाच वेळी बोलायचं की एक बोलेल तेव्हा दुसऱ्याने गप्प राहायचं. दोन्ही टोकं मोकळी सोडली तर ती आपली आपण ठरवतात. सतराव्या पोर्टावर कुणीतरी ते हाताने बांधून टाकलं होतं. वेग शंभर, दोघांनी एकाच वेळी बोलायचं. एक टोक असं बांधलं की ते दुसऱ्याशी काही ठरवायला जात नाही. खोलीतल्या डबीला उत्तरच मिळालं नाही, तेव्हा तिने समजून घेतलं की आपण आळीपाळीने बोलायचं. दिवा हिरवा लागतो, वरवर सगळं चालतं. पण कॅमेऱ्यांचा भार वाढला की दोघांचं बोलणं एकमेकांवर आदळतं आणि निरोप वाटेतच मरतात. दिवाळीआधी त्या खोलीत तीन कॅमेरे वाढवले होते.

"कधी केलंय हे?" हर्षवर्धनने विचारलं.

इंजिनीअरने तारीख वाचून दाखवली. अकरा सप्टेंबर, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटं. कुणी केलं ते कळणार नव्हतं, कारण स्विचचा पासवर्ड एकच आणि तो दोघांना माहीत. एक नरहरी, दुसरा फ्रेडरिक.

फ्रेडरिक गिरीजचा. केबल टाकणं, कॅमेरे बसवणं ही कामं घ्यायचा. याच कंपनीची कामणमधली तिन्ही गोदामं आणि सातिवलीतले बरेच गाळे त्याच्याकडे होते. हर्षवर्धनने गेटवरचं रजिस्टर मागवलं. अकरा सप्टेंबरला फ्रेडरिकची सही होती. आत दोन वाजता, बाहेर सहा वाजता.

मग हर्षवर्धनने नरहरीकडे पाहिलं. विचारायचं म्हणून विचारलं, आरोप करायचा म्हणून नाही.

नरहरी म्हणाला, "त्या तारखेला मी सुतकात होतो."

हर्षवर्धनने मान खाली घातली. सॉरी काका, म्हणाला. इंजिनीअरनेही लॅपटॉपमध्ये डोळे घातले. गोष्ट तिथेच मिटली.

वाक्य खरं होतं. सुनंदा सहा तारखेला गेली. अकरा तारीख म्हणजे सहावा दिवस. नरहरीला मुलगा नाही, एक मुलगी, रिद्धी. अग्नी त्यानेच दिला होता, म्हणजे क्रियेला तोच बसलेला. अशा माणसाने दहावं होईपर्यंत घराचा उंबरा ओलांडायचा नाही, ही वसईच्या वाडीतली पद्धत. ऑफिसातले सगळे पहिल्या तीन दिवसांत भेटून गेले होते. सहाव्या दिवशी नरहरी राऊत कामणच्या गोदामात उभा असेल, हे कुणाच्या डोक्यातही येणार नव्हतं.

आणि तो उभा होता.

ती तारीख वाचली जाईपर्यंत त्याला ते आठवलंही नव्हतं. त्या दहा दिवसांचं त्याला फारसं काही आठवत नाही. पण तीन वाजून चाळीस मिनिटं म्हटल्याबरोबर सगळं समोर आलं. घरात बायका बसलेल्या. कुणीतरी सुनंदाच्या साड्या कुणाला द्यायच्या ते विचारत होतं. त्याला तिथे बसवेना. तेवढ्यात फोनवर निरोप आला की तीन नंबरची केबल पुन्हा पुन्हा तुटतेय, लागतेय. त्याने डोक्यावर टोपी घातली, मागच्या केळीच्या वाडीतून स्कूटर काढली आणि निघाला. चिंचोटीला धबधब्यावरून परतणारी ओली पोरं रस्ताभर चालली होती. त्यांच्या मागून हॉर्न न वाजवता तो बराच वेळ हळूहळू गेला, हेही त्याला आठवलं. गोदामात तो माल उतरवायच्या बाजूने, स्वतःच्या किल्लीने शिरला. सुतकातल्या माणसाने गेटवर तोंड दाखवायचं कसं, म्हणून. तिकडे रजिस्टर नसतं.

केबलीच्या टोकाचा कनेक्टर पावसाळ्याच्या दमटपणाने खराब झाला होता. तो बदलायला हवा होता. त्यासाठी तीन नंबरच्या खोलीत जावं लागलं असतं, म्हणजे माणसांत. नरहरीने रॅकजवळच उभं राहून पोर्ट हाताने बांधून टाकला. तो शिकला तेव्हाची सवय होती ती. त्या काळी दोन टोकांचं आपसात नीट जमायचं नाही, म्हणून जुने लोक सगळं हातानेच बांधायचे. पण ते लोक दोन्ही टोकं बांधायचे. दुसऱ्या टोकाची डबी साधी, ती बांधता येत नाही, हे नरहरीला पक्कं माहीत होतं. त्या दिवशी त्याला एवढंच दिसलं की दिवा लुकलुकायचा थांबला. एक वस्तू तरी शांत झाली असं वाटून त्याला बरं वाटलं. पंधरा मिनिटांत तो बाहेर पडला.

पुढे कॅमेऱ्यांची चित्रं अडकायला लागली तेव्हा हर्षवर्धनने दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा नरहरीने सांगितलं की फ्रेडरिकची केबल बघायला हवी. हेही त्याला आता आठवलं.

फ्रेडरिकला गुरुवारी बोलावलं. त्याला काय विचारलं आणि तो काय म्हणाला, ते नरहरीला हर्षवर्धनकडून कळलं. म्हणे तो एवढंच म्हणाला, झालं असेल माझ्याकडून. तिन्ही गोदामांचं काम त्याच दिवशी त्याच्याकडून काढून घेतलं. ही बातमी सातिवलीत पोचायला शनिवारसुद्धा उजाडावा लागला नाही. तिथल्या दोन गाळेवाल्यांनी नरहरीलाच फोन करून विचारलं की राऊतसाहेब, दुसरा कुणी चांगला माणूस आहे का तुमच्या ओळखीत.

पोर्ट दुरुस्त करायचं काम अर्थातच नरहरीकडे आलं. शुक्रवारी सकाळी तो तीन नंबरमध्ये गेला, जुना कनेक्टर कापला, नवा बसवला, केबल तपासली. मग रॅकशी येऊन सतराव्या पोर्टावरचं बांधलेलं सगळं सोडून दिलं. वेग मोकळा, बोलण्याची रीत मोकळी. दोन्ही टोकांनी क्षणात आपसात ठरवून घेतलं. त्याने चुकांचा आकडा पुसून शून्य केला आणि स्टूल घेऊन बसला. तासाभराने पाहिलं, शून्य. जेवायच्या सुट्टीत सगळे कॅमेरे एकदम चालू ठेवून पाहिलं, शून्य. पोर्टाच्या नावापुढे काय केलं ते लिहिलं, सेटिंग जतन केलं. एवढंच काम होतं. सप्टेंबरातही एवढंच होतं.

हर्षवर्धन बघायला आला आणि म्हणाला, काका, तुम्ही आहात म्हणून. नरहरी केबल गुंडाळत राहिला.

मग त्याने केबलीच्या गळ्याशी बोट लावलं आणि ते तिथेच थांबलं.

सुनंदा बालवाडीत शिकवायची. तिचं अक्षर गोल, मोठं, लांबून वाचता येणारं. नरहरीचं अक्षर त्याचं त्यालाच लागायचं नाही. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून केबलींवर चिकटवायच्या पट्ट्या तीच लिहायची. रविवारी दुपारी डाळ शिजेपर्यंत ओट्याशी उभी राहून एकेक पान भरून टाकायची. साध्या पट्ट्या निळ्या शाईने. जो पोर्ट हाताने बांधलाय त्याच्यासाठी लाल शाईने, 'हात लावू नये'. ती आजारी पडल्यावर बिछान्यात बसून तिने लाल पट्ट्यांचं शेवटचं पान लिहिलं होतं. ते नरहरीच्या पाकिटात असायचं. फ्रेडरिक त्यावरून त्याची नेहमी खेचायचा. दादा, तुमच्या स्विचला तुम्ही सोवळं नेसवलंय, आम्ही शिवलो तर विटाळ होईल, म्हणायचा.

सवयीप्रमाणे त्या दिवशीही नरहरीने सतराव्या केबलीला लाल पट्टी लावली होती. आता ती नव्हती. केबलीवर डिंकाचा चौकोन होता आणि त्याला धूळ चिकटली होती.

म्हणजे कुणीतरी ती काढली होती. इंजिनीअर बुधवारी आला तेव्हाही ती नव्हती, नाहीतर त्याने विचारलं असतं. रॅकची किल्ली आणखी एकाच माणसाकडे होती, आणि सोमवारी सकाळी कॅमेरे बघायला म्हणून त्याला बोलावलं होतं.

नरहरी तीन दिवस गेला नाही. चौथ्या दिवशी, मंगळवारी, सातिवलीला गेला. प्लास्टिकचे डबे बनवणाऱ्या एका गाळ्यात फ्रेडरिक शिडीवर चढून एकच कॅमेरा बसवत होता. नरहरीला बघून तो लगेच उतरला नाही. स्क्रू पिळून झाला, मग उतरला, हात पँटला पुसले. बाहेर चहाच्या टपरीशी दोघं उभे राहिले.

फ्रेडरिकने पाकीट काढलं. त्यातून चर्चच्या जुन्या पावतीत दुमडून ठेवलेली लाल अक्षरांची पट्टी काढली आणि नरहरीच्या हातावर ठेवली.

"वहिनींचं अक्षर आहे. कचऱ्यात कसं टाकू?"

नरहरीने विचारलं की तू ही हर्षवर्धनला दाखवली का नाहीस.

"सोमवारी स्विचमध्ये तारीख बघितली आणि ही काढली, ती तुमच्यासाठी. म्हटलं, दादा त्या दिवसांत भानावर नसतील, आपणहून सांगतील, मग बघू. दोन दिवस वाट बघितली." फ्रेडरिकने चहाचा ग्लास हातात फिरवला. "गुरुवारी हर्षवर्धनने मला सांगितलं, काका सुतकात होते. त्याच्यानंतर मी काय बोलणार होतो? नाही, तो माणूस सुतक मोडून आला होता, असं म्हणू? बायको जाऊन सहा दिवस झालेल्या माणसाबद्दल? पट्टी दाखवू? वहिनींच्या हातचीच?"

नरहरीने पट्टी शर्टाच्या खिशात ठेवली.

"मला कामं मिळतील, दादा. मी काही उपाशी नाही मरत. पण तुम्ही त्यांना पुढे केलंत. वहिनींना. तोंड बंद केलंत माझं."

तो ओरडला नाही. गाळ्यातल्या यंत्राचा आवाज मोठा होता, तरी प्रत्येक शब्द ऐकू आला. मग जणू साधी चौकशी करतोय तसं तो म्हणाला की त्या दिवशी ग्लोरिया जेवण घेऊन आली होती तुमच्याकडे, आठवतं का.

ग्लोरिया म्हणजे फ्रेडरिकची बायको. सुतकाच्या दिवसांत घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे डबे येतात. ग्लोरियाने कांदा-लसूण न घालता वालाची आमटी केली होती आणि भात, आणि गिरीजहून रिक्षाने घेऊन आली होती. नरहरीने संध्याकाळी ते जेवण जेवलं होतं. आठवतं, तो म्हणाला.

"तुम्ही घरी नव्हता. रिद्धीने सांगितलं, बाबा जरा बाहेर गेलेत. ग्लोरियाने घरी येऊन मला म्हटलं, बिचाऱ्याला घरात बसवत नसेल. मी तेव्हा गोदामात पाच नंबरला शिडीवर होतो, मला माहीतही नाही तुम्ही खाली आलात ते." त्याने ग्लास टपरीवर ठेवला. "म्हणजे ग्लोरियाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, तुमच्या मुलीला ठाऊक आहे. फक्त कंपनीला ठाऊक नाही. आणि बघा ना, कुणीच बोलत नाहीये."

चहाचे पैसे नरहरीने द्यायला हात पुढे केला तेव्हा फ्रेडरिकने टपरीवाल्याला मानेने नको म्हटलं आणि स्वतः दिले. मग शिडीकडे गेला.

परतताना नरहरीच्या शर्टाच्या खिशात ती पट्टी होती. त्याला लाज कशाची वाटत होती ते त्याने प्रामाणिकपणे शोधायचा प्रयत्न केला. पोर्ट चुकीचा बांधला त्याची फारशी नाही. चूक माणसाकडून होते, आणि त्या दिवशीच्या माणसाकडून तर होणारच. सुतक मोडलं त्याचीही नाही. सुनंदा असती तर म्हणाली असती, बरं केलंत गेलात ते, घरात बसून तुम्ही कुणाला तरी टाकून बोलला असता. लाज हर्षवर्धनला सांगितलेल्या त्या पाच शब्दांची होती. ती गेली तेव्हापासून तिचा विषय निघाला की त्याचा घसा दाटून यायचा, वाक्य पुरं व्हायचं नाही. त्या दिवशी घसा दाटला नव्हता. वाक्य पुरं झालं होतं, स्पष्ट, एका दमात. आणि समोरच्याने मान खाली घातल्यावर त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. त्या क्षणी सुनंदा गेली हे त्याच्या उपयोगाला आलं होतं.

बुधवारी तो हर्षवर्धनच्या केबिनमध्ये गेला. सांगायचं ठरवून गेला होता. त्याने तोंड उघडलं आणि विचारलं की औषधं गेली त्याचा अहवाल कंपनीकडे कधी जाणार. हर्षवर्धन म्हणाला, शुक्रवारी दुपारी. अहवालात फ्रेडरिकचं नाव आहे, पुन्हा आपल्या कुठल्याच गोदामात त्याला काम द्यायचं नाही असं लिहिलंय, सही तेवढी व्हायची आहे. कुणाला काही सांगायचं असेल तर त्याआधी लेखी द्यावं लागेल, नंतर नाव निघत नाही. मग त्याने विचारलं, का काका, काही राहिलंय का? नरहरी म्हणाला, नाही, सहज विचारलं. आणि बाहेर आला.

गुरुवारी त्याने सुट्टी घेतली आणि घरी बसून पत्र लिहिलं. आधी कागदावर लिहिलं, ते त्याचं त्यालाच वाचता येईना, म्हणून रिद्धीच्या लॅपटॉपवर लिहिलं. रिद्धी विरारला एका शाळेत नोकरी करते, आई गेल्यापासून रोज संध्याकाळी आधी बापाकडे येते आणि मग स्वतःच्या घरी जाते. ती आली तेव्हा पत्र दीड पान झालं होतं. सतरावा पोर्ट, अकरा सप्टेंबर, तीन चाळीस. मागच्या बाजूने आत शिरलो. वेग आणि बोलण्याची रीत हाताने बांधली. दुसरं टोक बांधता येत नाही हे मला माहीत होतं. कनेक्टर खराब होता, तो बदलला नाही. कॅमेऱ्यांची तक्रार आली तेव्हा पोर्ट तपासला नाही, फ्रेडरिकच्या केबलीला दोष दिला. त्याच्या केबलीत काही दोष नव्हता.

रिद्धीने उभ्यानेच वाचलं. पर्स खांद्यावरच होती. वाचून झाल्यावर तिने पुन्हा वर जाऊन वाचलं.

"बाबा, यात तुम्ही काय केलंत ते सगळं आहे," ती म्हणाली. "तुम्ही काय म्हणालात ते नाहीये."

तिला ते कुणी सांगितलं, हे नरहरीने विचारलं नाही. ग्लोरियाने सांगितलं असेल. तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि आत जाऊन कुकर लावला.

तो बसून राहिला. तारखा, आकडे, पोर्ट, सगळं एका बैठकीत लिहून झालं होतं, कुठे अडलं नव्हतं. आता एकच वाक्य लिहायचं होतं, की मला विचारलं तेव्हा मी माझ्या बायकोच्या सुतकाचं नाव सांगून सुटलो. त्याने 'मला विचारलं तेव्हा मी' एवढं लिहिलं. मग पुसलं. ते वाक्य वगळून पत्र दिलं तरी फ्रेडरिकचं नाव निघेल, असं त्याला एकदा वाटलं. पण मग हर्षवर्धन म्हणेल, काका त्या दिवसांत भानावर नव्हते, कसं आठवणार त्यांना. म्हणजे पुन्हा तेच, पुन्हा सुनंदाच्या आड. ते वाक्य घातल्याशिवाय पत्र द्यायचं नाही, हे त्याने तिथे बसून ठरवलं.

रिद्धी जेवण झाकून ठेवून गेली. जाताना तिने ओट्याखालून ग्लोरियाचा स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. सप्टेंबरपासून तो तिथेच होता. लाल पट्टी नरहरीने त्या डब्याच्या झाकणावर ठेवली, वाऱ्याने जाऊ नये म्हणून तिच्यावर चष्म्याचं घर ठेवलं.

अहवाल उद्या दुपारी जाणार आहे. त्यात फ्रेडरिकचं नाव आहे. पत्रातलं ते एक वाक्य अजून लिहायचं राहिलं आहे.